गुन्हेगार कोण, आणि गुन्हा कोणता?

(गिरड, जि. वर्धा येथे वाचकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याच्या परिसरात सापडणाऱ्या गोल दगडांची लोककथा या भागात सर्वांना ठाऊक आहे. फकिराची चेष्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला आणि ते शरण येताच त्यांना नवा माल दिला, असे सांगतात. अपराध, शिक्षा आणि क्षमा हे सारे एकाच टेकडीवर आटोपते. इतका स्वच्छ न्याय व्यवहारात का मिळत नाही, हा प्रश्न एका स्वीडिश कादंबरीने वाचकापुढे उभा केला आहे.

माय श्योवाल आणि पेर वालो या लेखकजोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. ‘एका गुन्ह्याची कादंबरी’ हे त्या साऱ्यांचे समान उपशीर्षक. दोघेही मार्क्सवादी होते. जगभरचे समाजवादी ज्या देशाचा दाखला देत आले, त्या कल्याणकारी स्वीडनचीच त्यांनी झडती घेतली.

‘द टेररिस्ट्स’ ही मालिकेतील अखेरची कादंबरी. तीत रिबेका लिंड नावाची एक भाबडी तरुण माता बँकेत पैसे मागायला जाते. बँक लोकांना पैसे देते, एवढेच तिने ऐकलेले असते. तिच्याजवळ बागकामाचा चाकू सापडतो आणि तिच्यावर दरोड्याचा खटला भरला जातो. ती निर्दोष सुटते. परंतु पुढे कोणतेच दार तिच्यासाठी उघडत नाही. सारे पोलीसदल परकीय दहशतवाद्यांच्या मागावर असताना ही मुलगी पंतप्रधानांवर गोळी झाडते.

वर्धा जिल्ह्यातील वाचक खुनाच्या प्रसंगापेक्षा बँकेच्या प्रसंगापाशी अधिक थबकतो. कर्ज मागणारा माणूस संशयित ठरतो, हे समजण्यासाठी त्याला स्टॉकहोमला जावे लागत नाही.

२८ फेब्रुवारी १९८६ रोजी स्वीडनचे पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांची प्रत्यक्षात हत्या झाली. तो तपास २०२० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे चालला. पाल्मे यांच्या हत्येनंतर अवघ्या एकोणीस दिवसांनी, १९ मार्च १९८६ रोजी, चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी पत्नी व चार मुलांसह वर्धा जिल्ह्यातील दत्तपूर येथे मृत्यूला कवटाळले. या मृत्यूंचाही पंचनामा झाला असेल; पण शेतकऱ्याला तेथवर लोटणाऱ्या कारणांचा तपास चौतीस वर्षे कोणी चालविला?

पुढे असे मृत्यू वाढले. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंग यांनी वर्ध्यासह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर केली. मृताच्या कुटुंबाला एक लाख रुपये साहाय्य देण्याची राज्य शासनाची तरतूदही झाली. ते देताना जमीन कुटुंबाच्या नावे होती काय, कर्ज मान्यताप्राप्त संस्थेचे होते काय, वसुलीचा तगादा होता काय, हे तपासून प्रकरण ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. दुसऱ्याची शेती मक्त्याने करणारा, बिगरपरवाना सावकाराकडून पैसे घेणारा या चाळणीतून गळतो. चौकशी होते ती मृताच्या कागदपत्रांची. भाव, पाणी आणि पतपुरवठा यांची नव्हे. श्योवाल-वालो यांनी ज्याला ‘एक गुन्हा’ म्हटले, तो येथे असा नोंदीबाहेर राहतो.

तथापि कादंबरीचा सगळाच निष्कर्ष पत्करण्याचे कारण नाही. रिबेकाच्या गोळीने बँकेची खिडकी उघडत नाही. एका माणसाचा तेवढा बळी जातो. अन्यायाची कारणे समाजात आहेत, हे दाखविणे लेखकाचे काम. ती दूर करण्यासाठी माणसांना एकत्र आणणे हे कार्यकर्त्याचे काम, आणि ते कोणत्याही कादंबरीच्या शेवटच्या पानावर पुरे होत नाही. त्याचा आरंभ गावातूनच करता येईल. ‘अपात्र’ ठरलेल्या प्रत्येक प्रकरणाचा कागद मागावा, ते कोणत्या कारणाने नाकारले गेले हे ग्रामसभेत मोठ्याने वाचावे, आणि मृताला विचारलेले प्रश्न आता व्यवस्थेला विचारावेत.