दबलेला डाव कसा ओळखायचा?
(जिल्हा बैठकीतील भाषण)



गुलाबी बोंडअळीने 2015 मध्ये गुजरातेत आणि 2017 मध्ये आपल्याकडे कापूस खाल्ला, तेव्हा शहाण्या माणसांनी खापर आपल्यावर फोडले. बीटीच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाबरोबर 120 ग्रॅम बिगर-बीटी बियाण्याची पुडी येत होती. शेतकऱ्याने ती कडेने लावली नाही, फेकून दिली. शेतकरी अडाणी, म्हणून अळी बीटीला सरावली, असे ते म्हणाले. पुडी पुष्कळांनी फेकली हे खरे. अडाणीपणाचे मात्र आज हिशेबाने पाहू.

पुडीचे काम काय? बीटी पचवून जगलेल्या अळीचा पतंग बिगर-बीटीवर वाढलेल्या साध्या पतंगाशी जुळावा आणि त्यांची पिल्ले बीटीवर मरावीत. 2002 साली बीटीला परवानगी देताना वीस टक्के क्षेत्र किंवा कडेच्या पाच ओळी, यांत जास्त असेल ते बिगर-बीटीचे ठेवा, अशी अटच होती. पण पतंग सातबारा पाहून उडत नाही. माझ्या पट्ट्याचा फायदा साऱ्या शिवाराला, पट्ट्यातली घट माझ्या एकट्याला.

समजण्यापुरते आकडे घेऊ, पाहणीतले नव्हेत. शिवाराने पट्टा लावला असेल, तर मी लावून मला एकरी 20 हजार सुटतात, न लावता 22. शिवाराने लावला नसेल, तर लावून 12, न लावता 14. आता शेजारी काय करतो हे विचारायची गरज उरते का? तो काहीही करो, न लावणाराच दोन हजाराने पुढे. डावपेचांच्या गणितात, ज्याला गेम थिअरी म्हणतात, अशा वेळी ‘लावणे’ हा पुरता दबलेला डाव. तो डोळे मिटून खोडावा.

पण सगळ्यांनी लावला तर प्रत्येकाला 20, कोणीच नाही लावला तर 14! मग शहाणपण कुठे गेले? इथेच पुष्कळ जण घसरतात. 20 आणि 14 यांतली निवड एकट्या शेतकऱ्याच्या हातात कधी नव्हतीच. दबलेला डाव ओळखताना शेजाऱ्याची चाल एक धरायची आणि तिच्याखालचे आपले दोन आकडे ताडायचे. मग दुसरी चाल. आडवे-तिडवे ताडायचे नाही.

म्हणून उपदेशाने पुडी शेतात गेली नाही. 2020 पासून बिगर-बीटी बी बीटीच्याच पाकिटात मिसळून देण्याची पद्धत आली. तिने शेतकऱ्याला सुधारले नाही, फेकण्याचा डावच काढून घेतला. अठरा वर्षे उशिरा, अळी सरावल्यावर!

आता दुसरा प्रकार, जरा फसवा. कापसाच्या हमीभाव खरेदीसाठी नाव नोंदवायचे की नाही? बाजार हमीभावाच्या वर असेल, तर नोंदवणारा आणि न नोंदवणारा दोघेही व्यापाऱ्याला घालतात, बरोबरी. बाजार खाली असेल, तर नोंदवणारा पुढे. म्हणजे न नोंदवणे कधीच जास्त देत नाही, कधी बरोबरीत, कधी मागे. हा अर्धवट दबलेला डाव. एका जागी जरी बरोबरी सापडली, तरी ‘पुरता’ म्हणायचे नाही.

हा भेद शब्दांचा खेळ नाही. नोंदणीच्या चकरेला शंभर रुपये आणि एक रोज बुडतो असे धरा. मग चढ्या बाजारात न नोंदवणारा तेवढ्याने पुढे गेला, आणि तो डाव दबलेला राहिलाच नाही! पुरत्या दबलेल्या डावाचे असे नाही; वरच्या तक्त्यात शंभर इकडेतिकडे झाले तरी निकाल तोच. शिवाय पुरते दबलेले डाव कोणत्याही क्रमाने खोडा, शेवटी उरते तेच. अर्धवट दबलेले खोडताना मात्र क्रम बदलला की उत्तर बदलू शकते. ते पेन्सिलीने खोडावेत.

जाता जाता एक काम. फरदड ठेवायची की डिसेंबरअखेर पऱ्हाट्या उपटायच्या, याचा तक्ता आपापल्या गावी मांडा. फरदडीतली अळी पुढच्या हंगामात शेजाऱ्याच्याही शेतात जाते. चार घरे आखा, आकडे आपल्या शेतातले घाला आणि पुढच्या बैठकीला घेऊन या.