पिल्लू, पिंजरा आणि दहाचा स्टँडअप

आजच्या एपिसोडमध्ये कोड नाही, करिअर नाही. आज कुत्रा. गेले काही आठवडे तुमच्याकडून एकच प्रश्न फिरून फिरून येतोय: "ताई, वर्क फ्रॉम होम आहे, पिल्लू घ्यायचंय. क्रेट ट्रेनिंग केलं तर नोकरी करता करता जमेल का?"

लगेच उत्तर देते. जमतं. पण क्रेट तुमच्याऐवजी पिल्लू सांभाळत नाही. क्रेट म्हणजे झोपायची जागा. तो सांभाळणारा माणूस नाही. ही एक गोष्ट पक्की केलीत तर पुढचं सगळं सोपं आहे.

मी तारकर्लीतून बोलतेय, मागे लाटांचा आवाज येत असेल तर सांभाळून घ्या. आमच्याकडे 'क्रेट' म्हटलं की लोकांना बांगड्याचा प्लास्टिकचा क्रेट आठवतो. त्यामुळे कुरियरवाला तो मोठा चपटा बॉक्स घेऊन आला तेव्हा शेजारी विचारत होते, मासळीचा धंदा सुरू केलास काय? आत निघाला घडीचा लोखंडी पिंजरा. आजीने तो बघितला, आमच्या आठ आठवड्यांच्या गावठी पिल्लाला बघितलं आणि म्हणाली, "पिंजऱ्यात कित्याक घालतंस गो तिका? पोपट आसा काय?"

पिल्लाचं नाव तिसरी. आईची तिसरी म्हणून, आणि तिसऱ्या आमच्या घरात सगळ्यांना आवडतात म्हणूनही.

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या गावांत कुत्रा दोनच प्रकारे राहतो: एकतर मोकळा, नाहीतर खांबाला बांधलेला. दिवसभर बांधलेला कुत्रा वाईट आणि दिवसभर कोंडलेला चांगला, असं काही नाही. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा आपला १९६० चा कायदा दोन्हीबद्दल बोलतो. हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा, आणि फार आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हा. स्वीडन आणि फिनलंडमध्ये तर घरात कुत्र्याला क्रेटमध्ये कोंडून ठेवण्यावर कायद्याने कडक मर्यादा आहेत. म्हणजे आजी एकटी नाही.

मग क्रेट कशाला? माझी कारणं तीन. पहिलं, वायरी. माझ्या टेबलाखाली लॅपटॉपचा चार्जर, राउटर, इन्व्हर्टर, सगळ्यांच्या वायरी आहेत आणि पिल्लू तोंडानेच जग ओळखतं. दुसरं, झोप. लहान पिल्लू दिवसाचा बराचसा वेळ झोपतं, पण घरात हालचाल असली की झोपायचं विसरतं आणि मग दमलेल्या लहान पोरासारखं चावत सुटतं. तिसरं कारण आमच्या किनाऱ्याचं. नोव्हेंबर ते मार्च या काळात सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. वायंगणी, तांबळडेग ही नावं तुम्ही ऐकली असतील. रात्री मोकळी फिरणारी कुत्री ती घरटी उकरतात. माझी कुत्री रात्री घरात झोपणार, हे मी आधीच ठरवलं होतं.

आता गणित. पिल्लू लघवी किती वेळ धरू शकतं, याचा एक ढोबळ हिशोब आहे: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू, तीन तास. पण ही वरची मर्यादा झाली, टार्गेट नाही. जागेपणी तर फारच कमी. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचं. आता तुमची नोकरी बघा. दहा ते सात, नऊ तास. दोन महिन्यांच्या पिल्लाला नऊ तास क्रेटमध्ये ठेवलं तर ते आतच घाण करणार, त्यातच बसणार, आणि झोपायची जागा स्वच्छ ठेवायची ही त्याची उपजत सवय मोडणार. तीच तर क्रेट ट्रेनिंगचा पाया असते.

म्हणून मी कॅलेंडर आधी बदललं, पिल्लू नंतर आणलं. पावणेदहाला खळ्यात फेरी. दहाला स्टँडअप, तेव्हा ती क्रेटमध्ये, साधारण पावणेबारापर्यंत झोप. पावणेबाराला बाहेर. दुपारचं जेवण माझ्यासोबत, मग खेळ. दोन ते चार आजीही पडते, तीही पडते. चारला चहा आणि फेरी. पाच ते साडेसहा पडवीत जाळी लावून केलेल्या मोठ्या जागेत, खेळण्यांबरोबर. पावणेबारा आणि चार या वेळा टीमच्या कॅलेंडरवर 'बिझी' आहेत. मॅनेजरला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, पंधरा-पंधरा मिनिटांचे ब्रेक लागतील, संध्याकाळी भरून देईन. रात्री साडेदहाला शेवटची फेरी आणि सुरुवातीचे दोन आठवडे अडीचचा अलार्म. पावसाळा होता, छत्री धरून खळ्यात उभं राहायचं आणि ती बेडकाकडे बघत बसायची. होतं ते.

ट्रेनिंगची पद्धत सांगते. पहिले तीन दिवस दार बंद करायचंच नाही. मी ते दोरीने उघडं बांधून ठेवलं होतं, वाऱ्याने आपटून ती दचकू नये म्हणून. जेवणाची वाटी आत. चौथ्या दिवशी ती खात असताना दार लावलं आणि खाऊन संपायच्या आत उघडलं. मग दहा सेकंद, तीस सेकंद, दोन मिनिटं. आधी मी शेजारी बसून टाईप करायचे. मग स्वयंपाकघरात जायचे. मग नजरेआड. डीबगिंग करताना आपण एका वेळी एकच गोष्ट बदलतो ना, तसंच. वेळ वाढवायची तर अंतर तेवढंच ठेवायचं. अंतर वाढवायचं तर वेळ कमी करायची. शिक्षा म्हणून एकदाही आत टाकायचं नाही.

ती रडली तर? आधी तीन गोष्टी तपासा: लघवी, उकाडा, तहान. तिन्ही ठीक असतील आणि नुसती कुरकुर असेल तर दोन-तीन सेकंदांची शांतता येऊ द्या आणि तेव्हा उघडा. पण लाळ गळतेय, गज चावतेय, नखांनी ओरबाडतेय, तर ती घाबरलीय. लगेच उघडायचं आणि दोन पायऱ्या मागे जायचं. "रडून रडून गप्प होईल" असं सांगणारे खूप भेटतील. गप्प होईलही. पण थकून गप्प झालेलं पिल्लू शांत झालेलं असतंच असं नाही. आणि पहिले काही आठवडे रात्री क्रेट तुमच्या खाटेशेजारी हवा. तुमचा श्वास ऐकू आला की निम्मी भीती जाते.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी थोडं वेगळं. परदेशी व्हिडिओंत क्रेटवर जाड चादर टाकून अंधार करतात. कोकणात मे महिन्यात तसं करू नका. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकून गरमी बाहेर टाकतं, आणि हवा दमट असली की तोही उपाय कमी पडतो. क्रेट जाळीचाच घ्या, पंख्याखाली, फरशीवर ठेवा, पत्र्याच्या छपराखाली नको. लाईट गेली की दार उघडायचं, हा आमच्या घरचा नियम आहे. खाऱ्या हवेत लोखंड गंजतं, म्हणून सांधे कोरड्या फडक्याने पुसत राहा. अंथरूण म्हणून जुनी सुती साडी, रोज उन्हात. गोचीड तपासा. आणि आत जाताना गळ्यातला पट्टा काढा, तो गजात अडकू शकतो. आकार असा की उभं राहता यावं, वळता यावं, पाय ताणून झोपता यावं. मोठा क्रेट घेतलात तर मधला पडदा लावा, पिल्लू वाढेल तसा सरकवा.

लसींचं वेळापत्रक तुमच्या पशुवैद्यकांकडून घ्या. साधारणपणे सहा ते आठ आठवड्यांपासून पार्वो आणि डिस्टेंपरची लस सुरू होते, सोळा आठवड्यांपर्यंत तिचे डोस चालतात, रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून डोस पूर्ण होईपर्यंत तिसरीला वाळूत सोडलं नाही. पण घरातही कोंडलं नाही. स्कॉट आणि फुलर या शास्त्रज्ञांचं कुत्र्यांवरचं पुस्तक १९६५ साली आलं. पिल्लाच्या सुरुवातीच्या काही आठवड्यांत एक नाजूक काळ असतो आणि तेव्हा भेटलेलं जग त्याला पुढे आपलं वाटतं, हे त्यांच्या प्रयोगांतून दिसलं. हा काळ साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंतचा. म्हणून मी तिला कडेवर घेऊन फिरवलं. ऑगस्टात होड्या पुन्हा सुटल्या तेव्हा इंजिनांचा आवाज, रापण ओढणारी माणसं, रेनकोट घातलेले पर्यटक, देवळातली घंटा. गणपतीत ढोल वाजले तेव्हा ती पडवीत बसून बघत होती.

आता खरा मुद्दा. डिसेंबरपासून आमच्या टीमला दर महिन्याचा एक आठवडा पुण्यात ऑफिसला बसायचंय. तिसरी इथेच राहणार. आई शाळेत शिकवते, आजी चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखतात. आजी देवळात किंवा बाजाराला गेली तर तिसरीला दोन तास एकटं राहता आलं पाहिजे. आईने पिल्लू आणायच्या आधीच अट घातली होती: "दिवाळीपर्यंत हे जमलं नाही तर ती कुडाळला मावशीकडे जाईल." मी हो म्हटलं होतं. मावशीकडे घरात कायम माणसं असतात.

म्हणून मी जुना फोन कॅमेरा म्हणून लावला आणि एक शीट केली: वेळ, मिनिटं, काय केलं. सप्टेंबरच्या शेवटी मी गाडी काढून खरोखर मालवणला गेले. छत्तिसाव्या मिनिटाला ती उठून रडायला लागली. मी परत आले. पुढच्या वेळी पस्तीसच मिनिटं ठेवली, मग चाळीस, मग पुन्हा तीस, कारण रोज वाढवत नेलं तर ती ताणते. गेल्या आठवड्यात एक तास पन्नास मिनिटं. त्यातला बहुतेक वेळ ती पोट वर करून झोपली होती. दहा मिनिटं राहिलीत, दिवाळीला अजून वेळ आहे.

आणि नाहीच जमलं तर? तर ती मावशीकडे जाईल. मला वाईट वाटेल, रडेनही. पण तिला माझ्याकडे ठेवण्यासाठी मी त्या क्रेटचं दार चार-पाच तास बंद ठेवणार नाही. क्रेट तिच्यासाठी आणलाय, माझ्या हट्टासाठी नाही. आजी हल्ली त्याला पिंजरा म्हणत नाही, "तिची खोली" म्हणते. दार दिवसभर उघडं असतं आणि दोन वाजले की तिसरी आपणहून आत जाऊन पडते. आजीचा मूळ प्रश्न मात्र मी विसरलेले नाही. तो विचारणारं माणूस प्रत्येक घरात असावं.

जे पुण्या-मुंबईत एकटे राहतात आणि रोज नऊ-दहा तास ऑफिसात असतात, त्यांना स्पष्ट सांगते. आत्ता लहान पिल्लू नका घेऊ. कुत्राच हवा असेल तर दोन-तीन वर्षांचा मोठा कुत्रा दत्तक घ्या. त्याला लघवी धरता येते, त्याचा स्वभाव आधीच कळतो, आणि अशा कुत्र्यांना घर मिळणं अवघड असतं. तरीही दुपारी कुणीतरी यायलाच हवं.

पिल्लूच घ्यायचं ठरलंय? मग ऑर्डर देण्याआधी एक कागद घ्या. तुमचा कामाचा दिवस तासातासाने लिहा. दर दोन तासांनी तिला बाहेर कोण नेणार, त्या माणसाचं नाव समोर लिहा. तुमचं, आईचं, शेजारच्या काकूंचं, पैसे देऊन ठेवलेल्या मुलाचं, कुणाचंही. आणि त्या माणसाला विचारून लिहा, बरं का. सगळ्या रकाने भरले, की मग क्रेट मागवा.

पुढच्या आठवड्यात पुन्हा कोडकडे वळू. तुमच्या पिल्लांचे किस्से व्हॉइस नोटवर पाठवा. तिसरीचे शेवटचे दहा मिनिटं झाले की नाही, तेही सांगेन. चला, पावणेबारा वाजलेत, बाहेर न्यायचंय.