तपासनीस कमी झाला की...

2015 साली महाराष्ट्राने कामगार कायद्यांसाठी स्वयंप्रमाणन योजना आणली. नियम पाळल्याचा दाखला उद्योजकानेच द्यायचा, सरकारी तपासणी मोजकीच. कटकट कमी झाली, हे खरे. पण बोईसर-तारापूरसारख्या रासायनिक वसाहतीत तपासनीस हाच कंत्राटी कामगाराचा आधार असतो. आणि धोका कारखान्याच्या आतच थांबत नाही: 2018 च्या केंद्रीय प्रदूषण मूल्यांकनात तारापूर 93.69 गुणांसह देशात सर्वाधिक प्रदूषित ठरले. खाडीतल्या मासळीवर जगणाऱ्या मांगेला समाजाच्या परिषदेला या प्रदूषणाविरुद्ध 2016 मध्येच हरित लवादाचे दार ठोठावावे लागले होते. जानेवारी 2020 मध्ये याच वसाहतीतल्या एका कारखान्यात झालेल्या स्फोटात 8 जण दगावले. तपासणीवर वाचवलेल्या पैशाची किंमत कामगार आणि कोळी मोजतात. सरकारने तपासनिसांची रिक्त पदे भरावीत, आणि तपासणीचे अहवाल गावकऱ्यांना मराठीत वाचायला मिळावेत.