पेन्रिनची गढी कोणी बांधली?

(अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



उत्तर वेल्समध्ये बँगॉर शहराजवळ पेन्रिनची गढी आहे. तिचे बुरूज पाहून ती मध्ययुगीन नॉर्मन सरदारांची वाटते. प्रत्यक्षात १८२० नंतर टॉमस हॉपर या वास्तुशिल्पकाने ती उभारली. सरंजामशाही मावळत असताना भांडवलदाराने सरंजामदाराचा पोशाख चढवला, इतकेच! भोवती विस्तीर्ण वनराई, तटबंद फुलबाग, आणि हे सारे गावकऱ्यांपासून अलग ठेवणारी उंच दगडी भिंत.

या वैभवाचा पैसा प्रथम जमैकातील उसाच्या मळ्यांतून आला. मळ्यांचा मालक रिचर्ड पेनंट लिव्हरपूलचा खासदार होता. गुलामांचा व्यापार बंद करण्यास त्याने पार्लमेंटमध्ये कडवा विरोध केला. १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपली तेव्हा नुकसानभरपाई मिळाली ती मालकांना. पेनंटच्या वारसाने ७६४ माणसांच्या मोबदल्यात चौदा हजारांहून अधिक पौंड घेतले. त्या माणसांना एक छदामही मिळाला नाही.

पैशाचा दुसरा झरा म्हणजे बेथेस्डा गावाजवळची खाण. छपरांवर घालण्याचा पाटीचा दगड तेथे निघे. त्याच दगडाचा सुमारे एक टन वजनाचा पलंग गढीत आजही आहे. त्यावर कोणाला झोप लागली असेल, कोण जाणे!

खाणीत कामगारांच्या छोट्या टोळ्या खडकाचा एकेक भाग ठरावीक दराने करायला घेत. या पद्धतीमुळे त्यांच्या हाती थोडेफार स्वातंत्र्य राही. ते मोडून काढण्याचा आणि कामगारांच्या समितीला मान्यता न देण्याचा लॉर्ड पेन्रिनचा हट्ट होता. १८९६-९७ मध्ये अकरा महिने खाण बंद राहिली. नोव्हेंबर १९०० मध्ये सुमारे २८०० कामगार पुन्हा बाहेर पडले आणि तीन वर्षे लढले. गायकवृंदांनी देशभर फिरून त्यांच्यासाठी निधी जमवला. १९०१ च्या जूनमध्ये काही शे कामगार कामावर परतले, तेव्हा संपकऱ्यांच्या खिडक्यांत छापील कार्डे झळकली: ‘या घरात फितूर नाही’. पुढे ज्या खिडकीतले कार्ड नाहीसे होई, त्या घराकडे शेजारी पाठ फिरवीत. लष्कर आले. अनेक कुटुंबे दक्षिणेच्या कोळसा खाणींकडे निघून गेली.

१९०३ मध्ये उपासमारीने संप मोडला. संघटनेची जिद्द कमी नव्हती. परंतु मालकाजवळ अन्य उत्पन्नाची गंगाजळी होती आणि कामगारांजवळ नव्हती.

१९५१ मध्ये गढी नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेली आणि पुढे पर्यटकांसाठी खुली झाली. बेथेस्डातील कित्येक घरांतील माणसांनी मात्र पिढ्यानपिढ्या तिच्या फाटकातून आत पाऊल टाकले नाही.