मागून दिसणारी गाडी

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषणाचे शब्दांकन)



प्रत्येकाने आपापल्या कामाबद्दल दहा मिनिटं बोलावं, असं संयोजकांनी सांगितलंय. आपल्यात डॉक्टर आहेत, बँकवाले आहेत, बागायतदार आहेत. मी गेली सव्वीस वर्षं चाकणला मोटारींचे दिवे बनवतो, तेही फक्त मागचे. पुढच्या दिव्यांचा विभाग वेगळा आणि त्यांचा रुबाबही वेगळा.

पण विचार करा, रस्त्यावर आपण दुसऱ्याची गाडी जास्त वेळ मागूनच बघतो. समोरून येणारी गाडी दोन सेकंदांत निघून जाते. आपल्या पुढची गाडी खंबाटकीच्या घाटात अर्धा तास डोळ्यांसमोर असते. त्यामुळे गाडीचा चेहरा पुढे असला तरी ओळख मागे असते. अंधारात तर पत्रा, रंग, काच काहीच दिसत नाही. दोन लाल दिवे दिसतात आणि त्यावरून आपलं डोकं मधली गाडी स्वतःच काढून घेतं.

डिझायनर नेमकं हेच वापरतात. दिवा आडवा, लांबट केला की नजर आडवी धावते आणि गाडी रुंद, जमिनीला धरून बसलेली वाटते. दिवा उभा केला की गाडी उंच वाटते. व्हॅगन-आरचे उभे दिवे आठवा. गाडी अरुंद आणि उंच. मग दिवे दोन्ही कडांना उभे केले, की मधला दरवाजा रुंद ठेवता येतो आणि सामान चढवायला सोपं जातं. दिसणं आणि सोय, दोन्ही एकाच ठिकाणी जमलं. दिवे कडेला ढकलले की गाडी फाकून उभी राहिल्यासारखी दिसते, मध्ये घेतले की आखडलेली. पत्र्यात बदल न करता नुसते मागचे दिवे आणि बंपर बदलून जुनं मॉडेल ‘नवं’ करता येतं. हे आमच्या धंद्याचं उघड गुपित!

याचा इतिहास मोठा गमतीचा आहे. १९४८ साली अमेरिकेत कॅडिलॅकने गाडीच्या मागच्या कोपऱ्यांना विमानासारखे पंख काढले. हार्ले अर्ल या डिझाइनप्रमुखाला दोन शेपट्यांच्या पी-३८ लढाऊ विमानाची भुरळ पडली होती. त्या पंखांत मागचे दिवे बसवले, आणि डावा दिवा उचलला की खाली पेट्रोल भरायचं तोंड! पुढे १९५९ पर्यंत ते पंख इतके वाढले की दिवे रॉकेटच्या ज्वाळांसारखे दिसू लागले. मला ती गाडी बघायला आवडते, पण ती तमाशातल्या फेट्यासारखी. रोज घालायची नव्हे.

याउलट १९५५ ची फ्रेंच सित्रोएन डीएस घ्या. तिचे मागचे इंडिकेटर छपराच्या दोन्ही टोकांना, छोट्या कर्ण्यांसारख्या नळ्यांत बसवलेले. दिवा उंचावर असल्याने मागच्याला चटकन दिसतो, आणि त्या कर्ण्यांमुळे ती गाडी आजही लांबून ओळखू येते.

माझा सर्वांत लाडका दिवा मात्र मर्सिडीजचा. १९७१ च्या एसएल गाडीपासून त्यांनी मागच्या दिव्याच्या काचेला आडव्या, खोल पन्हाळी दिल्या. कारण साधं होतं: चिखल. सपाट काचेवर चिखलाचा थर बसला की दिवा बंद असल्यातच जमा. पन्हाळी असल्या की उंचवटे माखले तरी आतल्या खाचा बऱ्यापैकी स्वच्छ राहतात आणि तिथून उजेड बाहेर येतो. पुढे वर्षानुवर्षं त्या पन्हाळी हीच मर्सिडीजच्या पाठीची खूण झाली. आपल्याकडच्या पावसाळ्यात राहणाऱ्याला हे जास्त समजवायला नको.

आता एलईडी आल्या. बल्बची तार तापून पूर्ण उजळायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. एलईडी जवळजवळ लगेच पेटते. ताशी ९० किलोमीटर वेगात तेवढ्या वेळात गाडी ५ मीटर पुढे जाते. म्हणजे मागच्याला ५ मीटर जास्त मिळाले. शिवाय एलईडी एवढीशी, त्यामुळे दिव्याला हवा तो आकार देता येतो. म्हणून आता डिकीभर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाल पट्टी असते. २०२३ च्या नव्या नेक्सॉनला आहे, इतर बऱ्याच गाड्यांना आहे. गाडी रुंद आणि महाग दिसते, हे खरं. आमचे मात्र हाल! पट्टीचा मधला भाग डिकीच्या झाकणावर, कडेचे भाग बॉडीवर. मधली फट दोन्हीकडे सारखी, उजेड कुठे डाग न पडता सारखा, आणि आत पावसाची वाफ धरता कामा नये. या तीन गोष्टींपायी आमच्याकडे किती रात्री जागून काढल्या, ते माझ्या बायकोला विचारा.

पट्टीबद्दल माझं एक मत आहे. टेल लाइट ‘मी इथे आहे’ म्हणतो, ब्रेक लाइट ‘मी थांबतोय’ म्हणतो. पट्टी आधीच झगझगीत असेल, तर ब्रेक लाइटने वेगळं उठून कसं दिसायचं? चांगला डिझायनर ब्रेक लाइटभोवती थोडा अंधार राखतो. मागच्या काचेतला तिसरा ब्रेक लाइट याचसाठी महत्त्वाचा. अमेरिकेत १९८६ च्या मॉडेलपासून तो मोटारींना सक्तीचा झाला आणि मागून धडकण्याचे अपघात दीर्घकाळात सुमारे ४ टक्क्यांनी कमी झाले. एका छोट्या दिव्याने!

म्हणून कोणी हौसेने मागच्या दिव्यांवर काळी फिल्म चिकटवतं, तेव्हा माझा जीव खालीवर होतो. आपल्या बॅचमधल्या दोघांच्या गाड्या मी सकाळी पार्किंगमध्ये पाहिल्या आहेत. नावं घेत नाही.

आता खरं बोलायचं ते. आपल्यातले निम्मे लोक कारखान्याला ऊस घालतात. हंगामात रात्री रस्त्यावर ट्रॉल्या असतात आणि उसाचे शेंडे मागे लोंबून दिवा झाकतात. दोनांपैकी एकच दिवा चालू राहिला, तर मागून येणाऱ्याला वाटतं, पुढे मोटरसायकल आहे, बाजूने काढू. मघाशी सांगितलं ना, दिव्यांवरून डोकं गाडी काढतं? इथे ते चुकीची गाडी काढतं, आणि उरलेली अर्धी ट्रॉली अंधारात असते. तेव्हा लाल रिफ्लेक्टर मधोमध एक लावू नका. दोन्ही कडांना, अगदी टोकाला, शेंडे पोचणार नाहीत इतके खाली लावा आणि आठवड्याला फडक्याने पुसा. त्याला बॅटरी लागत नाही, वायरिंग लागत नाही. आलेला उजेड तो आल्या दिशेनेच परत पाठवतो. मी शंभर जोड्या आणल्या आहेत, जेवणाच्या मंडपाशेजारी खोक्यात ठेवल्यात. लाजू नका, घेऊन जा.

आणि ज्यांच्याकडे मोटारी आहेत त्यांनी आज रात्री घरी पोचल्यावर गाडीची पाठ भिंतीकडे करून उभी करा, ब्रेक दाबा आणि आरशात बघा. भिंतीवर डावीकडे आणि उजवीकडे सारखाच लाल उजेड दिसला पाहिजे. एक बाजू अंधारी असेल, तर उद्या सकाळी आधी गॅरेज गाठा.