शिदोरीवर जगणारा किनारा



या सभागृहातल्या बऱ्याच जणांची मुलं-नातवंडं कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहतात. तुम्ही तिकडे जाता, गोल्डन गेट पूल पाहता, देवळात जाता, हवेला कंटाळून परत येता. पुढच्या वेळी हिवाळ्यात गेलात, तर शहरापासून दक्षिणेला समुद्राच्या कडेने सुमारे नव्वद किलोमीटरवर असलेल्या आन्यो नुएवो नावाच्या भूशिरावर आवर्जून जा. तिथे हत्ती सील पाहायला मिळतात. सोंडेसारखं लोंबतं नाक, दोन हजार किलोंपर्यंत वजन आणि चार-पाच मीटर लांबी असलेला नर. त्याच्या मानाने बरीच लहान मादी. आणि त्यांच्यामध्ये काळीभोर, सुरकुतलेली पिल्लं.

पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हमखास निघणारं वाक्य म्हणजे, ‘हे तर नुसते लोळतायत!’ खरंच, तासन्‌तास काही घडत नाही. मधूनच एखादी मादी पुढच्या पंजाने वाळू उचलून पाठीवर उडवते, अंग थंड करते आणि पुन्हा पडून राहते. त्या पडून राहण्याचा अर्थ काय, एवढंच मला आज सांगायचं आहे. हा प्राणी किनाऱ्यावर येतो तो शिदोरी बांधून. ही शिदोरी म्हणजे कातडीखालचा चरबीचा जाड थर. किनाऱ्यावर असेपर्यंत अन्नाचा कण नाही, पाण्याचा थेंब नाही. भांडण, बाळंतपण, दूध, मीलन, सगळं त्या चरबीवर भागवायचं. त्यामुळे तिथली झोप म्हणजे शिदोरी पुरवण्याची रीत आहे.

शिदोरी जमते कुठे, ते आधी पाहू. वर्षातले आठ ते दहा महिने हे प्राणी समुद्रात असतात. माद्या उत्तर पॅसिफिकच्या खुल्या समुद्रात जातात, नर अलास्काच्या किनारपट्टीपर्यंत. दिवसरात्र बुड्या चालू असतात. एक बुडी साधारण वीस मिनिटांची, चारशे ते आठशे मीटर खोल. मग दोन-तीन मिनिटं वर येऊन श्वास घ्यायचा की पुन्हा खाली. मग झोपायचं कधी? सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी माद्यांच्या डोक्याला मेंदूतल्या लहरी टिपणारी उपकरणं लावली आणि २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. समुद्रात असताना हा प्राणी दिवसाला जेमतेम दोन तास झोपतो, तेही बुडीत असताना. शार्क आणि ऑर्का यांची वर्दळ वरच्या पाण्यात असते, म्हणून तो आधी खोल जातो, मग झोपी जातो आणि उताणा होऊन गिरक्या घेत खाली खाली जात राहतो. काही मिनिटांनी जागा होऊन वर येतो. असे महिनोन्‌महिने काढल्यावर किनाऱ्यावर तो दिवसाचे दहा तास झोपला, तर आपण त्याला आळशी म्हणायचं का?

झोपलेल्या एका सीलकडे नीट लक्ष द्या. दुर्बीण लावा आणि नाकपुड्या पाहा. त्या घट्ट मिटलेल्या असतात. छाती हलत नाही. मिनिटामागून मिनिट जातं आणि शेजारचा पाहुणा ‘मेलाय का हो?’ असं विचारतोच. मग अचानक नाकपुड्या उघडतात, मोठे मोठे श्वास सुरू होतात, थोड्या वेळाने पुन्हा बंद. जमिनीवर हवा फुकट असताना श्वास रोखायचा कशाला? त्याचं एक उत्तर असं, की प्रत्येक उच्छ्‌वासाबरोबर शरीरातलं पाणी बाहेर जातं. याच्या नाकातले पडदे बाहेर जाणारी हवा थंड करून त्यातला ओलावा परत राखतात. जिथे पिण्याचं पाणी चरबी जळूनच मिळायचं आहे, तिथे श्वाससुद्धा जपून वापरला जातो.

डिसेंबरच्या सुरुवातीला आधी नर येतात. तगडे नर काठावर शंभर दिवसांपर्यंत उपाशी राहतात. कोण वरचढ, याचा निकाल लागायचा असतो. त्यांची डरकाळी म्हणजे छाती हादरवणारे एकामागून एक ठोके. प्रत्येक नराच्या ठोक्यांचा ताल आणि पोत वेगळा असतो आणि बाकीचे नर तो ओळखतात, हे २०१७ मध्ये प्रयोगांनी दाखवून दिलं. ज्याच्याकडून मार खाल्ला, त्याचा आवाज ऐकला की हरलेला मुकाट मागे सरकतो. प्रत्येक वेळी झुंजायचं म्हटलं तर शिदोरी आठवड्यात संपेल. आवाजाने ती वाचते. झुंज झालीच तर छातीला छाती भिडते, सुळे मानेत रुततात, वाळूवर रक्त सांडतं. वयात आलेल्या नराच्या गळ्यावरची जाड, भेगाळलेली कातडी त्याची साक्ष देते.

मग माद्या येतात आणि आठवडाभरात वितात. प्रसूती कधी झाली ते ओळखायची खूण म्हणजे सीगल पक्ष्यांचा कल्लोळ. वार खायला ते तुटून पडतात. मादी लगेच पिल्लाकडे वळून त्याला हुंगते, हाक मारते, पिल्लू उत्तर देतं. गर्दीत एकमेकांना शोधायला हीच ओळख. पुढचे साधारण चार आठवडे ती फक्त पाजते. दुधातली चरबी वाढत वाढत निम्म्याच्या वर जाते. तीस-चाळीस किलोंचं पिल्लू सव्वाशे किलोंच्या आसपास पोचतं आणि आई आपल्या वजनाचा जवळजवळ चाळीस टक्के हिस्सा गमावते. आईची शिदोरी आपल्या डोळ्यांदेखत लेकराच्या अंगावर चढते.

पाजण्याच्या अखेरच्या काही दिवसांत मादी माजावर येते. मीलनाचं दृश्य नाजूक मनाला रुचेल असं नाही. नर सरपटत येतो, पुढचा पंजा तिच्या पाठीवर टाकतो, मान दातात धरतो. मादी ओरडते, अंग झटकते, वाळू फेकते. हा निव्वळ जुलूम दिसतो खरा, पण तिच्या ओरडण्याचा परिणाम काय होतो तो पाहा. आजूबाजूचे सगळे नर मान वर करतात. मानेवर बसलेला दुय्यम नर असेल, तर कळपाचा म्होरक्या धावून येतो आणि त्याला पळवून लावतो. आन्यो नुएवोवर १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अभ्यास करणारे बर्नी ल बफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये हे मांडलं : मादीचा आक्रोश नरांमध्ये स्पर्धा लावतो आणि तिच्या वाट्याला बलवान पिता येण्याची शक्यता वाढवतो. उलट बहुसंख्य नर आयुष्यभरात एकदाही बाप होत नाहीत. म्होरक्याच्या त्या धावपळीत कधी कधी पिल्लं चिरडून मरतात, हेही सांगितलं पाहिजे. निसर्ग पाहायचा तर सगळा पाहावा.

मीलन झालं की मादी पिल्लाला तिथेच सोडून समुद्रात निघून जाते. गर्भ काही महिने रुजत नाही, तसाच थांबतो. म्हणून पुढचं बाळंतपण बरोबर पुढच्या हिवाळ्यात येतं. मागे राहिलेली पिल्लं अंगावरच्या चरबीवर दोन-अडीच महिने काढतात, उथळ पाण्यात आपलं आपण पोहायला शिकतात आणि कुणी वाट न दाखवता महासागरात उतरतात.

श्रोतेहो, याच चरबीने या प्राण्याचा घात केला. एकोणिसाव्या शतकात दिव्यांच्या आणि यंत्रांच्या तेलासाठी त्यांची कत्तल झाली. माणूस जवळ आला तरी न हलणारा प्राणी मारायला किती सोपा! १८८० च्या दशकात ते संपले असंच मानलं जाई. १८९२ मध्ये मेक्सिकोच्या ग्वादालुपे बेटावर स्मिथसोनियनच्या मोहिमेला आठ सापडले आणि त्यांतले सात संग्रहालयासाठी मारण्यात आले. कुठेतरी मूठभर उरले होते, म्हणून वंश टिकला. १९२२ मध्ये मेक्सिकोने त्यांना संरक्षण दिलं. आन्यो नुएवोच्या बेटावर ते १९५५ मध्ये दिसले, १९६१ मध्ये तिथे पहिली पिल्लं झाली, १९७५ मध्ये समोरच्या मुख्य भूमीवर. आज त्यांची संख्या दोन लाखांच्या आसपास मानली जाते. पण सगळे त्या मूठभरांचेच वंशज, त्यामुळे आनुवंशिक विविधता फार थोडी. साथ आली तर काय होतं, ते त्यांच्या दक्षिणेकडच्या भाऊबंदांनी भोगलं आहे : २०२३ मध्ये अर्जेंटिनाच्या व्हाल्देस द्वीपकल्पावर बर्ड फ्लूने त्या हंगामातली जवळजवळ सगळी पिल्लं नेली.

म्हणून पाहणाऱ्याची जबाबदारी मोठी आहे. आन्यो नुएवोवर विणीच्या हंगामात मार्गदर्शकाबरोबरच जावं लागतं आणि किमान पंचवीस फुटांचं अंतर राखावं लागतं. आणखी दक्षिणेला, सान सिमिऑनजवळ पिएद्रास ब्लांकास इथे रस्त्यालगतच्या लाकडी मार्गावरून बारा महिने पाहता येतं. निळ्या जॅकेटातले स्वयंसेवक, बहुतेक निवृत्त मंडळी, न कंटाळता माहिती सांगतात. आपल्या वेळासच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं समुद्राकडे निघतात, तेव्हा गावकरी पर्यटकांना दोरीमागे उभं करतात. दोन्हीकडचं शहाणपण एकच आहे. जवळ जाऊन फोटो काढायच्या हट्टापायी एक मादी दचकून उठली, सरकली, तर गेलेली ताकद भरून काढायला तिथे काहीही नाही. ती पिल्लाच्या दुधातून वजा होते.

तेव्हा माझी विनंती अशी : जा, भरपूर वेळ काढून जा. दहा ठिकाणं उरकण्याऐवजी एकाच झोपलेल्या प्राण्यासमोर अर्धा तास उभे राहा, त्याचे श्वास मोजा, नातवंडांनाही मोजायला लावा. दुर्बिणीतून हवं तेवढं पाहा. मात्र आपल्या पाहण्याचा खर्च त्यांच्या शिदोरीतून होणार नाही, एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.