शेल्टरच्या इंटरव्ह्यूमध्ये ‘अपयश आलं तर?’ असं विचारलं तर काय सांगाल?

आयटीत काम करणाऱ्या एका मैत्रिणीचा मेसेज आलाय. ती प्राण्यांच्या शेल्टरमध्ये इंटरव्ह्यूला जातेय. तिने विचारलंय, ‘कामात अपयश आलं तर कसं हाताळता, या प्रश्नाला काय उत्तर देऊ?’

आपल्या ऑफिसात या प्रश्नाची उत्तरं पाठ असतात. ‘डेडलाइन हुकली, पण टीमने रात्रभर बसून काम संपवलं.’ शेल्टरमध्ये हे उत्तर अपुरं पडतं. आपल्याकडे सर्व्हर पडला तर तो पुन्हा उभा राहतो. तिथे पिल्लू गेलं की गेलं.

पार्व्होचंच घ्या. लस न झालेल्या पिल्लांना हा आजार पटकन गाठतो. उलट्या, जुलाब सुरू होतात, शरीरातलं पाणी कमी होतं. सलाईन लावून, रात्र जागूनही काही पिल्लं वाचत नाहीत. आणि रडत बसायला वेळ नसतो. हा व्हायरस जमिनीवर कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलला दाद देत नाही. आधी घाण पूर्ण काढायची, मग ब्लीचच्या पाण्याने पिंजरा धुवायचा. शेजारच्या पिंजऱ्यातली पिल्लं अजून जिवंत असतात ना!

म्हणजे समोरचा माणूस खरं तर विचारतोय, ‘वाईट दिवसानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कामावर येऊन काय कराल?’

म्हणून ‘मला कुत्री खूप आवडतात’ एवढ्यावर थांबू नका. ते तर तिथे आलेल्या प्रत्येकालाच आवडतात. एकच घटना निवडा आणि चार गोष्टी सांगा: काय घडलं, तुमच्या हातात काय होतं, काय नव्हतं, आणि त्यानंतर कामाची पद्धत काय बदलली.

समजा, तुम्ही व्हॉलंटियर होतात आणि दत्तक दिलेला कुत्रा दोन आठवड्यांत परत आला. घरमालकाने नकार दिला होता. ‘लोक बेजबाबदार असतात’ हे उत्तर नको. असं सांगा: ‘वाईट वाटलं. पण घरमालकाची परवानगी आहे का, हे आमच्या फॉर्ममध्ये विचारलेलंच नव्हतं. तो प्रश्न घातला, आणि कुत्रा घरी गेल्यावर तिसऱ्या आणि सातव्या दिवशी फोन करायचं ठरवलं.’

आपल्याकडे याला ब्लेमलेस पोस्टमॉर्टेम म्हणतात. कोणी केलं यापेक्षा कुठून निसटलं, ते शोधायचं. फक्त शेल्टरमध्ये हा शब्द वापरू नका, तिथे त्याचा अर्थ वेगळा होतो!

शेल्टरचा अनुभव नसेल तर बनवून सांगू नका. ऑफिसातली, कॉलेजातली खरी घटना चालते. आणि ‘मला काहीच त्रास होत नाही’ असंही म्हणू नका. त्रास होतो, अशा वेळी मी कोणाशी बोलतो, सुट्टी कधी मागतो, हे सरळ सांगा. या कामात आतून थकून लोक नोकरी सोडतात, हे इंटरव्ह्यू घेणाऱ्यालाही माहीत असतं.

शेवटी तुम्हीही एक प्रश्न विचारा: ‘एखादा प्राणी दगावला तर तुमची टीम एकमेकांना कसं सांभाळते?’ उत्तर नीट ऐका. तिथे नोकरी करायची की नाही, हे तुम्हालाही ठरवायचंय.